महिनोन्‌महिने उभी राहिलेली कॅराव्हॅन आतून-बाहेरून कशी धुवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅराव्हॅन (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) बरेच महिने झाडाखाली उभी होती. भिंतींवर काळे ओघळ आलेत, खिडक्यांच्या रबरावर शेवाळ धरलंय, आत कुबट वास येतो आणि नळाच्या पाण्यालाही वास आहे. बाहेरून प्रेशर वॉशर मारला आणि आतून ब्लीचने पुसून घेतलं तर चालेल का?

दोन्ही करू नका. मळाने कॅराव्हॅनचं फारसं बिघडत नाही. ती खराब होते ती नको तिथे शिरलेल्या पाण्याने आणि चुकीच्या रसायनाने. पत्रा किंवा फायबर, आत फोम, त्याच्या आत पातळ प्लाय आणि बऱ्याच गाड्यांत लाकडी चौकट, अशी ही भिंत असते. सांध्यांवर पट्टी आणि पट्टीखाली मऊ सीलंट. प्रेशर वॉशरची धार त्या पट्टीखाली घुसते. त्या दिवशी काहीच दिसत नाही, पण आतलं लाकूड महिनोन्‌महिने ओलं राहून कुजत जातं. वॉशर वापरायचाच असेल तर फक्त चाकांच्या कमानीखाली, रुंद फवाऱ्यावर, हातभर लांबून. सांधे, खिडक्या, बाहेरच्या भिंतीतल्या फ्रिजच्या हवेच्या जाळ्या, चाकांचे हब आणि ब्रेक यांच्याकडे धार वळवू नका.

बाहेरून

सावलीत किंवा ढगाळ दिवशी धुवा. उन्हात पत्रा तापलेला असला की शाम्पू वाळतो आणि त्याचे डाग मूळ मळापेक्षा चिवट बसतात. खिडक्या, छताचं झाकण आणि बाहेरच्या पेट्यांची दारं नीट लावलीत ना, हे आधी बघा. फ्रिजच्या जाळ्यांना हिवाळी झाकणं मिळत असतील तर धुताना ती लावा, आणि फ्रिज सुरू करण्यापूर्वी आठवणीने काढा.

सुरुवात छतापासून. छतावर चढू नका. चालण्यासाठी बनवलेलं छत नसेल तर पाय पडतो तिथला पत्रा फोमपासून सुटतो. पक्की शिडी आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश पुरतो. छत घासण्याआधी चारही भिंती साध्या पाण्याने ओल्या करून घ्या, नाहीतर वरून येणारं काळं पाणी कोरड्या भिंतीवर ओघळत जाऊन पट्टे उठतात. छतावर सोलर पॅनल असेल तर त्यावर नुसतं पाणी आणि मऊ फडकं. तारांच्या जोडाजवळ घासायचं नाही.

दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी आणि दुसरीत साधं. हातमोजा किंवा ब्रश दर वेळी आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग शाम्पूत बुडवायचा. अडकलेले वाळूचे कण साध्या पाण्याच्या बादलीत खाली बसतात. एकच बादली असेल तर तेच कण परत भिंतीवर घासले जातात. भांडी घासायचा साबण वापरू नका, तो आधीचं मेण धुऊन काढतो. गाडीचा साधा शाम्पू, बाटलीवर लिहिलेल्या मापातच. भिंतीवर लावायचा खालून वर आणि धुवायचा वरून खाली. वरून लावायला सुरुवात केली तर शाम्पूचे ओघळ खालच्या सुक्या मळातून वाट काढतात आणि त्या रेघा नंतर सहज जात नाहीत. एका वेळी एकच बाजू लावा आणि लगेच धुऊन टाका.

काळे ओघळ बहुतेक वेळा ऑनिंगच्या (बाहेर लावायच्या कापडी छपराच्या) पट्टीखालून किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून सुरू होतात. पट्टीत साचलेली धूळ आणि जुन्या रबराची काळी भुकटी पावसाबरोबर खाली येते, म्हणून भिंत कितीही घासली तरी पुढच्या पावसात ओघळ परत येणारच. आधी पट्टीची खाच जुन्या टूथब्रशने पूर्ण साफ करा, मग भिंत. ओघळ काढायचं खास द्रावण मिळतं. ते एका कोपऱ्यात तपासून बघा, मिनिटभर ठेवा आणि वाळायच्या आत धुऊन टाका. डांबर काढायचं द्रावण रंगवलेल्या पत्र्यावर चालतं, पण पुढच्या-मागच्या भागाला बहुतेक गाड्यांत एबीएस प्लास्टिक असतं, त्याला अशा द्रावणाने बारीक तडे जातात. कुठला भाग कशाचा आहे ते माहीत नसेल तर शाम्पूवरच थांबा.

रबरावरच्या शेवाळासाठी खाण्याच्या सोड्याची पाणी घालून पातळसर पेस्ट करा, टूथब्रशने हलकेच घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. वाळल्यावर रबराला सिलिकॉन स्प्रे. पेट्रोलियम जेली किंवा तेल लावू नका, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

खिडक्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त नासाडी इथेच होते. त्या काचेच्या दिसत असल्या तरी बहुतेक कॅराव्हॅनमध्ये ॲक्रिलिकच्या असतात. ॲक्रिलिकवर कोरडं फडकं फिरवलं की धुळीचेच ओरखडे पडतात. काच पुसायच्या स्प्रेमध्ये अमोनिया किंवा अल्कोहोल असलं तर त्याने ॲक्रिलिकच्या आत जाळीसारखे तडे उमटतात. तडे लगेच दिसत नाहीत. बिजागऱ्या आणि स्क्रूभोवती, जिथे प्लास्टिकवर ताण असतो, तिथे आधी येतात. एकदा आले की ते जात नाहीत, खिडकीच बदलावी लागते. म्हणून आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या, मग शाम्पूच्या पाण्यात बुडवलेला मऊ स्पंज दाब न देता फिरवा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्या. स्टिकर काढायला थिनर किंवा पेट्रोल वापरू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजलेलं फडकं अर्धा तास चिकटवून ठेवलं की गोंद सैल होतो. हलके ओरखडे ॲक्रिलिकच्या पॉलिशने बऱ्यापैकी जातात. दोन थरांच्या मध्ये वाफ धरली असेल तर ती पुसून जाणार नाही. कडेला छोटं प्लास्टिकचं बूच असेल तर ते काढून कोरड्या हवेत काही दिवस राहू द्या.

फायबरचा भाग निस्तेज झाला असेल तर कोरडं बोट फिरवून बघा. बोटाला पांढरी भुकटी लागली तर जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, उन्हाने खडूसारखा झालाय. बारीक कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) कमी वेगाच्या पॉलिशरने, एका वेळी हात-दोन हात जागेत फिरवा, मग मेण. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो आणि कंपाउंड दर वेळी थोडा खरवडून नेतं, म्हणून हे दरवर्षी करायचं काम नाही. मेण मात्र वर्षातून एक-दोनदा लावाच.

गाडी पुसून कोरडी करताना सांधे बघत जा, इतक्या जवळून ते एरवी बघितले जात नाहीत. पट्टीच्या कडेला सीलंट तडकलंय का, स्क्रूच्या डोक्याशी गंज आहे का, पत्र्यावर कुठे फुगवटा किंवा पांढरी पूड आहे का. तडकलेल्या सीलंटवर बाजारातलं साधं सिलिकॉन थापू नका. जुन्या सीलंटवर ते धरत नाही आणि पुढे त्यावर दुसरं काही चिकटतही नाही. जुनं खरवडून काढून कॅराव्हॅनसाठीचं ब्युटाइल किंवा त्या जातीचं न वाळणारं सीलंट भरा.

टायरला पेट्रोलियमचं चकाकीचं द्रावण नको. कॅराव्हॅन ओढायच्या कपलिंगला घर्षणाचे पॅड असतील तर ते ज्यावर बसतं त्या ओढणाऱ्या गाडीच्या बॉलला ग्रीस अजिबात लागता कामा नये, तो ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडा ठेवा. पॅड नसलेल्या साध्या कपलिंगला उलट ग्रीस लागतंच.

आतून

कुबट वास म्हणजे कुठेतरी ओल आहे. सुगंधी स्प्रे मारून ती सापडत नाही. सगळ्या गाद्या उचलून उभ्या करा आणि त्यांची खालची बाजू बघा. अंगाची ऊब आणि घाम गादीतून खाली जातो आणि थंड फळीला टेकून तिथेच पाणी धरतो. मग पेट्या उघडा, खिडक्यांचे खालचे कोपरे, छताच्या झाकणाभोवतीची कड, दाराजवळची जमीन अंगठ्याने दाबून बघा. लुसलुशीत लागलं तर तिथे पाणी शिरतंय. ओलावा मोजायचा साधा मीटर जवळ असावा: १५ टक्क्यांच्या आत ठीक, १५ ते २० मध्ये लक्ष ठेवा, २० च्या वर गळती शोधायलाच हवी. दाराशी किंवा सिंकपुढे जमीन चालताना करकरत असेल, दबत असेल तर तिचे थर सुटलेत. ते काम सफाईचं नाही, दुरुस्तीचं आहे, पण ते लवकर कळलेलं बरं.

बुरशीचा डाग छोटा असेल तर खिडक्या उघडा, मास्क आणि हातमोजे घाला, आणि साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपून काढा. फडकं नंतर फेकून द्या. कोरड्या ब्रशने घासलं तर बुरशीचे कण गाडीभर उडतात. आतली भिंत म्हणजे प्लायवर चिकटवलेला कागद किंवा विनाइल. त्यावर ब्लीच मारलं की रंग उडतो, पाणी कडेने प्लायमध्ये मुरतं आणि खालची बुरशी राहते तशीच राहते. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र केलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, अमोनियाबरोबरही विषारी वायू होतात. एवढ्याशा बंद जागेत हा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

कपाटं, टेबल, छत या सगळ्याला एकच नियम: पाणी फडक्यावर, भिंतीवर कधीच नाही. कपाटांच्या कडा भिजल्या की प्लाय फुगतं आणि परत बसत नाही. गाद्यांचे खोळ मशिनला लावण्याआधी आतला लेबल वाचा. बरेचसे आटतात, आणि काहींवरची आग न धरण्याची प्रक्रिया धुण्याने जाते. खिडकीचे घडीचे पडदे मऊ ब्रशने नुसते झाडायचे.

शेगडी साफ करताना आधी सिलिंडर बंद. बर्नरच्या टोप्या वेगळ्या काढून धुवा, पूर्ण वाळवा आणि त्याच जागी बसवा. ओली टोपी बसवली की ज्योत पिवळी येते. फ्रिजला लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा पुरतो. बाहेरच्या जाळीमागे कोळिष्टकं असतील तर मऊ ब्रशने काढा, पाणी मारू नका. फ्रिजमागच्या गॅसच्या नळीला आणि बर्नरला हात लावू नका, त्यांचं काम जाणकाराकडे द्या. जमिनीतली आणि भिंतीतली हवेची भोकं साफ करा, पण वारा येतो म्हणून बुजवू नका. गॅस गळला तर तो जड असल्याने खालच्या भोकांतूनच बाहेर पडतो.

पाणी आणि टॉयलेट

नळाच्या वासासाठी टाकीत आधी हात घालून आतून स्पंजने चिकट थर काढा. थर तसाच ठेवून औषध ओतलं तर ते वरवरच लागतं. फिल्टरचं काडतूस काढून ठेवा. मग सुगंध न घातलेलं साधं ब्लीच: ५ टक्क्यांचं असेल तर टाकीच्या दर लिटरला १ मिली, म्हणजे ४० लिटरच्या टाकीला ४० मिली. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळा, टाकीत ओता आणि टाकी काठोकाठ भरा. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, शॉवरही विसरू नका, आणि ४ तास तसंच ठेवा. मग टाकी रिकामी करून वास जाईपर्यंत दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने भरून सोडा.

यात एकच सांभाळायचं. बॉयलर स्टेनलेस स्टीलचा असेल तर क्लोरीन त्याला खातं, तेव्हा बायपास करून तो वगळा. बायपास नसेल तर ब्लीच नकोच, बॉयलर बनवणाऱ्याने मान्य केलेलं औषध वापरा. पारदर्शक नळ्या आतून काळ्या पडल्या असतील तर औषधावर वेळ घालवू नका, नळ्या बदला. सिंकखालून वास येत असेल तर तो बहुधा सांडपाण्याच्या पन्हळीदार नळीत बसलेल्या तुपकट थराचा असतो. सोडा घालून कढत नसलेलं गरम पाणी ओता. उकळतं पाणी ओतलं तर प्लास्टिकचं सिंक वाकतं.

कॅसेट टॉयलेटला (ज्याची खालची मैल्याची टाकी, म्हणजे कॅसेट, बाहेर काढता येते) घरचं टॉयलेट क्लीनर किंवा ब्लीच चालत नाही, त्याने झडपेचं रबर कडक होऊन गळायला लागतं. कॅसेट रिकामी करून ५ लिटर पाणी घाला, जोरात हलवा, ओता. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच परत. झडपेचं रबर काढून कोमट पाण्यात धुवा आणि सिलिकॉन स्प्रे लावा. खायचं तेल लावल्याने रबर चिकट होतं.

गाडी परत उभी करून ठेवताना गाद्या कडेवर उभ्या, पेट्या-कपाटांची दारं उघडी, फ्रिजचं दार खटक्यावर किंचित फटीत, कॅसेटची झडप उघडी. बॉयलरची निचऱ्याची झडप आणि सगळे नळ गरम-थंडच्या मधोमध उघडे, शॉवर ट्रेमध्ये खाली सोडलेला. पडदे गुंडाळलेले राहू द्या, स्प्रिंगवर महिनोन्‌महिने ताण नको. आणि चार-सहा आठवड्यांनी, पाऊस पडून गेल्यावर, मीटर त्याच जागांवर लावून आकडे लिहून ठेवा. एका जागेचा आकडा चढत असेल तर बाहेरून नेमका कुठला सांधा उघडायचा ते त्यावरून ठरतं.