आय-ट्रिपल-ईच्या (IEEE, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांची जागतिक संघटना) कारभारात विद्यार्थी सदस्याला खरंच काही अधिकार असतो का?

असतो, पण मर्यादित. वार्षिक निवडणुकीत पदवीच्या विद्यार्थी सदस्याला मत नसतं; पदव्युत्तर श्रेणीच्या विद्यार्थी सदस्याला असतं. म्हणजे बी.ई. करताना अध्यक्ष कोण व्हावा हे तुम्ही ठरवू शकत नाही. (मला हे तिसऱ्या वर्षी कळलं, तोवर मतपत्रिकेची वाट बघत होतो!)

खरी जागा खालच्या पातळीवर आहे. कॉलेजच्या स्टुडंट ब्रँचचे (संघटनेच्या विद्यार्थी शाखेचे) पदाधिकारी विद्यार्थीच असतात, प्राध्यापक कौन्सेलर फक्त पाठीशी. पुढे सेक्शन, म्हणजे संघटनेचा स्थानिक विभाग; आपल्याकडे मुंबई किंवा पुणे. त्यावर आशिया-पॅसिफिकचं रीजन १०, तिथे विद्यार्थी प्रतिनिधी असतो. कार्यक्रमांचे फोटो टाकण्यापेक्षा सेक्शनच्या बैठकांना जाऊन बसा. तुमची ओळख तिथेच होते.