उत्तर: मोसम संपायच्या आत इनिंग संपत आल्या, आणि प्लेऑफला पिचर हवाय

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं परत ठसठसलं. तुमचा बेसबॉलचा पिचर (चेंडू टाकणारा), टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतरचा (कोपरातला फाटलेला लिगामेंट बदलण्याची) त्याचा पहिलाच मोसम, सर्जननी घातलेली 120 इनिंगची मर्यादा (बेसबॉलमध्ये इनिंग म्हणजे समोरचे तीन जण बाद होईपर्यंतची टाकणी), त्यातल्या 84 संपल्या, सात आठवडे बाकी, आणि मॅनेजरला प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) तोच मुलगा हवा. कोपरातला लिगामेंट वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. मी डॉक्टर नाही. सर्जनचा आकडा माझ्या सांगण्यावरून एका इनिंगनेही वाढवू नका.

चूक बहुतेकांची एकच होते: एप्रिलपासून मोजत सुटायचं आणि शेवटासाठी काही राखायचं नाही. 2012 चे वॉशिंग्टन नॅशनल्स घ्या. त्यांचा पिचर स्टीफन स्ट्रासबर्ग, तोही याच शस्त्रक्रियेतून आलेला. त्याने 28 स्टार्टमध्ये (पहिल्या चेंडूपासून टाकलेल्या सामन्यांत) 159 आणि एक तृतीयांश इनिंग टाकल्या आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याला बसवलं. 98 सामने जिंकलेला संघ प्लेऑफच्या आपल्या पहिल्याच मालिकेत, पाचव्या सामन्यात 6-0 ची आघाडी घालवून कार्डिनल्सकडून 9-7 हरला. लोक अजून भांडतात ते बसवलं ते बरोबर की चूक यावर. माझ्या मते बसवणं बरोबरच होतं, वेळापत्रक चुकलं. मे-जूनमध्ये चार-पाच पाळ्या (म्हणजे स्टार्ट करण्याचे त्याचे नंबर) गाळल्या असत्या तर ऑक्टोबरला हातात काही उरलं असतं. दुसरं टोक 2015 च्या न्यूयॉर्क मेट्सचा पिचर मॅट हार्वी, तोही याच शस्त्रक्रियेनंतर परतलेला. चर्चा 180 इनिंगच्या मर्यादेची, टाकल्या प्लेऑफ धरून 216. पुढच्याच वर्षी खांद्याजवळ दबणाऱ्या नसेसाठी शस्त्रक्रिया झाली. अर्थात हे त्याच्यामुळेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आता तुमचं गणित. उरल्या 36. त्यातल्या 15 आजच प्लेऑफच्या नावावर टाका आणि त्यांना हात लावू नका. राहिल्या 21. सात आठवड्यांत साधारण आठ पाळ्या येतील. एकाआड एक पाळी, प्रत्येकी पाच इनिंग, म्हणजे 20. गाळलेल्या पाळीत हात पूर्ण बंद ठेवू नका. आठवड्यात दोनदा 20-25 चेंडूंचं हलकं बुलपेन (सामन्याबाहेरचा टाकण्याचा सराव) पुरे. आणि 'इनिंग वाचवायला रिलीफमध्ये (सामन्याच्या मध्येच दुसऱ्याच्या जागी) टाकू' हे कोणी सुचवलं तर ऐकू नका. तिथे घाईत हात तापवावा लागतो आणि विश्रांतीचे दिवस ठरलेले नसतात. कागदावर एक इनिंग दिसते, खांद्याला जास्त पडते.

इनिंग हे मुळात ढोबळ माप आहे. दहा चेंडूंची इनिंग आणि पस्तीस चेंडूंची इनिंग सारखी कशी? एका इनिंगमध्ये चेंडू तीसच्या वर गेले की त्या दिवशी पाचवी टाकायला पाठवू नका, स्कोअर काहीही असो.

थोडी भडास काढतो. मागे एका संघाच्या ज्या कार्यालयाने (नाव घेत नाही) असाच आकडा मार्चमध्ये ठरवला, त्यानेच तो डगआउटमधल्या माणसांना जुलैअखेर कळवला. तोवर निम्म्याहून जास्त पुंजी खर्च झालेली. तुमच्याकडे अजून तोंडीच चाललं असेल तर आजच एका पानावर लिहून मॅनेजर, पिचिंग कोच आणि ट्रेनर तिघांच्या सह्या घ्या.

'हात कसा आहे?' हा प्रश्न फुकट आहे. उत्तर 'मस्त' हेच येणार. मेजर लीगमध्ये इंज्युर्ड लिस्टवर (जखमी खेळाडूंच्या यादीत) असतानाही पगार आणि सर्व्हिसचे दिवस (मेजर लीगमधल्या नोकरीचे मोजले जाणारे दिवस) चालू राहतात, खालच्या लीगमध्ये पोराला उद्या डच्चू मिळायची धास्ती असते. म्हणून मोजा: प्रत्येक स्टार्टआधी पकडीची ताकद आणि खांदा किती फिरतो ते. सामन्यात फास्टबॉलचा वेग नेहमीपेक्षा ताशी दोन मैलांनी उतरला, चेंडू सारखे वर राहू लागले किंवा हातातून चेंडू सुटण्याची जागा खाली आली, की काढा.

आणि बुलपेनमध्ये (पिचर हात तापवतात त्या जागी) चेंडू मोजायचा क्लिकर घेऊन कोणालातरी उभं करा. सामन्याआधीचे तीस-चाळीस चेंडू चार्टवर येतच नाहीत. क्रिकेटवाले हल्ली नेट्समधले चेंडूही मोजतात, आपल्याकडे मात्र ते हिशोबाबाहेर.