जिंकोच्या बीजांडात काय पोहतं?

प्रश्न : माझ्या वडिलांचं विसरणं वाढलं आहे. कुणीतरी जिंकोच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या सुचवल्या. त्यांचा उपयोग होतो का? आणि या झाडाला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणतात, ते केवळ फार जुनं आहे म्हणून का?

उत्तर : वडिलांचं आधी सांगते. अमेरिकेत ७५ आणि त्याहून अधिक वयाच्या ३,०६९ जणांवर या अर्काची चाचणी झाली. एका गटाला १२० मिलिग्रॅमची मात्रा रोज दोनदा, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. सुमारे सहा वर्षं पाठपुरावा करून २००८मध्ये निष्कर्ष जाहीर झाले : अर्क घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी झालं नव्हतं. तेव्हा गोळ्यांच्या भरवशावर राहू नका. ते रक्त पातळ करणारं औषध घेत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. तपासणी मात्र लवकर करा. विसरण्यामागे कधीकधी थायरॉइडचा बिघाड किंवा बी-१२ची कमतरता असते, आणि त्यावर इलाज आहे.

आता झाड. वनस्पतीशास्त्र शिकवत होते तेव्हा एका विद्यार्थिनीने वहीत दाबलेलं जिंकोचं पान मला आणून दिलं. ते अजून माझ्याकडे आहे, पिवळं, पंख्यासारखं. उजेडासमोर धरलं की दिसतं : मधली ठळक शीर नाही, पिंपळाच्या पानात असते तशी जाळीही नाही. देठाकडून निघालेली शीर दुभंगते, पुढे पुन्हा दुभंगते, अशी कडेपर्यंत जाते. सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही जिंकोच्या पानांचे ठसे सापडतात. हे झाड आपल्या साऱ्या वनस्पतीसमूहात एकटं उरलं आहे; जवळचं म्हणावं असं भावंड नाही. म्हणून ‘जिवंत जीवाश्म’.

पण मला विचाराल तर त्याचं खरं जुनेपण पानात नाही, बीजांडात, म्हणजे ज्याची पुढे बी होते त्या भागात आहे. शेवाळं आणि नेचे यांच्या शुक्राणूंना अंडपेशीपर्यंत पोहत जावं लागतं, म्हणून त्यांना पाणी लागतं. बीज देणाऱ्या बहुतेक वनस्पतींनी ही गरज सोडली. त्यांची परागनलिकाच, म्हणजे परागकणातून वाढणारी नळी, शुक्रपेशीला थेट पोहोचवते. जिंकोने मात्र दोन्ही ठेवलं. वसंतात नर झाडाचे परागकण वाऱ्याने मादी झाडाच्या बीजांडात येतात आणि कित्येक महिने तिथेच वाढत राहतात. शरदाच्या सुमारास परागनलिका फुटते, शुक्राणू बाहेर पडतात आणि बीजांडातल्या थेंबभर द्रवात पोहत अंडपेशीकडे जातात. झाडाने आपलं डबकं पोटातच बाळगलं आहे!

हे पहिल्यांदा पाहिलं ते हिरासे साकुगोरो यांनी, १८९६मध्ये, तोक्योत. ते विद्यापीठात चित्रकार म्हणून लागले होते, नंतर सहायक झाले. बीजांडामागून बीजांड कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहायचं, हे काम किती चिकाटीचं असतं ते मी जाणते. वर्गात एक धड छेद मिळवतानाही हात आखडायचे. आणि त्यांना नुसता शुक्राणू नव्हे, पोहणारा शुक्राणू दिसला. त्याच वर्षी त्यांचे सहकारी इकेनो सेइइचिरो यांना सायकस या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडातही असे शुक्राणू सापडले. पुढच्याच वर्षी हिरासे विद्यापीठ सोडून शाळेत शिकवायला गेले. १९१२मध्ये जपानच्या अकादमीचा शाही पुरस्कार दोघांनाही मिळाला. शिकवताना हिरासेंचं नाव मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत असे.

एक सावधगिरी. मादी झाडाखाली पडणाऱ्या, जर्दाळूसारख्या दिसणाऱ्या गोळ्यांना लोक फळं म्हणतात. ती फळं नव्हेत, मांसल आवरणाच्या बिया आहेत. कुजल्यावर त्यांना खवट लोण्याचा वास येतो, कारण दोन्हींत ब्युटिरिक आम्ल असतं. आतला गर चीन-जपानात शिजवून, बेताने खातात; जास्त खाल्ला तर झटके येऊ शकतात, मुलांना विशेषतः.

हिरासेंनी ज्या झाडाची बीजांडं तपासली, ते तोक्योतल्या कोइशिकावा वनस्पती उद्यानात आजही उभं आहे.