सवलत दिसते, विमान दिसतं का?

प्रश्न : मुलीला एअरलाइन पायलट व्हायचंय. एक फ्लाइंग स्कूल सगळी फी एकरकमी भरल्यास घसघशीत सवलत देतंय. घर तारण ठेवून कर्ज काढू का? – एक आई

उत्तर : ताई, आधी मुलीची क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटसाठी लागणारी वैद्यकीय तपासणी, करून घ्या. तिचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत कुठेही पैसा भरू नका.

मग स्कूलच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवतात त्या शेडमध्ये, स्वतः जा. विमानं किती आहेत हे सगळेच छाती फुगवून सांगतात. आज उडण्याजोगी किती, ते विचारा. मी इन्स्ट्रक्टर होतो, म्हणून सांगतो : एखादं सेसना १७२ (शिकवण्याचं छोटं विमान) सुट्या भागासाठी अडून बसलं, की विद्यार्थ्यांचे महिनेच्या महिने जातात आणि राहण्या-जेवणाचा खर्च चालूच राहतो. जुन्या विद्यार्थ्यांना गाठून त्यांची लॉगबुकं (उड्डाणांच्या नोंदवह्या) बघा, दोन उड्डाणांत किती दिवसांचं अंतर पडलंय ते कळेल.

एकरकमी फी? मुळीच नको. स्कूल बुडालं तर पैसेही बुडाले. टप्प्याटप्प्याने भरा, परताव्याची अट लेखी घ्या. आंतरराष्ट्रीय नियमांत व्यावसायिक परवान्याला उड्डाणाचे किमान २०० तास लागतात, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात १५०. पण बहुतेकांचे जास्तच होतात. शिवाय टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं मोठं विमान चालवण्याची पात्रता, वेगळं. नोकरी परवान्यापाठोपाठ येतेच असं नाही, हप्ते मात्र येतात. त्यामुळे घर तारण ठेवणं मला तरी पटत नाही.