एकच किल्ली, तीन कुलपं

प्रश्न : ऑफिसात हिशेब, हजेरी, खरेदी अशी तीन सॉफ्टवेअरं आहेत. आता एकाच लॉगिननं तिन्ही उघडणार म्हणे. एक पासवर्ड फुटला की सगळंच गेलं ना?
– एक अकाउंटंट, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, शंका रास्त आहे. पण आधीचं काय फार सुरक्षित होतं? मकरपुऱ्यात मी कारखान्याचे संगणक सांभाळायचो, तेव्हा स्टोअरमधल्या काकांच्या कीबोर्डखाली पिवळी चिठ्ठी असायची. पाच पासवर्ड, शब्द एकच, शेवटी फक्त १, २, ३...

नव्या पद्धतीत तुमचा पासवर्ड हिशेबाच्या सॉफ्टवेअरकडे जातच नाही. ते तुम्हाला कंपनीच्या ओळख-सर्व्हरकडे धाडतं. तो तुम्हाला ओळखून डिजिटल सहीची चिठ्ठी देतो, ती पाहून दार उघडतं. यासाठीचं सॅमल २.० हे मानक २००५ सालचं, म्हणजे प्रकार नवा नाही. चिठ्ठीची मुदत मात्र मोजक्या मिनिटांची. आमच्या सर्व्हरचं घड्याळ एकदा मागे पडलं आणि सकाळी अख्खं ऑफिस बाहेर! पासवर्ड बरोबर, वेळ चूक. दुपारपर्यंत मी शिव्या खाल्ल्या.

मुख्य लॉगिनला मोबाइलवरची दुसरी खातरजमा लावाच, त्याशिवाय तुमची भीती खरी ठरेल. आणि कुणी नोकरी सोडली की मुख्य खातं बंद करून थांबू नका. आधीच उघडलेलं सत्र, म्हणजे लॉगिन करून उघडं ठेवलेलं सॉफ्टवेअर, चालू राहू शकतं, शिवाय सॉफ्टवेअरमधला जुना स्वतंत्र पासवर्ड तसाच जिवंत असू शकतो. तोही काढायला सांगा.