‘आता आणखी काय सिद्ध करायचं?’

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्यांना दरमहा १,५०० रुपये मिळत असत आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने ही रक्कम २,५०० रुपये केली, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांकडून एकच गाऱ्हाणे मी वरचेवर ऐकते आहे: “वाढ जाहीर झाली, पण आमच्या खात्यात जुनीच रक्कम येते. विचारायला गेलो की नवीन कागद मागतात. आमच्यावर विश्वासच नाही का?” कधी दिव्यांगांना मिळणाऱ्या वैश्विक ओळखपत्राचा (यूडीआयडी) क्रमांक नोंदलेला नसतो, कधी आधार बँक खात्याशी जोडलेले नसते, तर कधी प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. कारणे साधी असतात, पण त्यांनी होणारी जखम साधी नसते. त्या जखमेविषयीच मला लिहायचे आहे. पुढे सांगितलेल्या व्यक्तीची ओळख पटू नये, म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशी ओलांडलेल्या एका ताईंना त्यांचे थोरले भाऊ माझ्याकडे घेऊन आले. ताईंना अनेक वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणे, भास होणे अशी लक्षणे असणारा मानसिक आजार आहे, औषधोपचार नियमित आहेत आणि त्या भावाच्या कुटुंबातच राहतात. मानसिक आजाराचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र अनेकदा ठरावीक मुदतीचे असते. त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत उलटली होती, म्हणून तहसील कार्यालयाने नवे प्रमाणपत्र मागितले. रुग्णालयात फेरतपासणी झाली, पण निर्णय होण्याऐवजी उपचारांचे जुने कागद घेऊन पुन्हा या, असे सांगण्यात आले. त्या दिवसापासून ताईंची झोप उडाली होती आणि कागदपत्रांच्या फाइलीला त्या हातही लावत नव्हत्या.

पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, “गोळ्या घेतल्या की मी बरी दिसते. बरी दिसले की दिव्यांगत्वाचे टक्के कमी होतात. मग गोळ्या घ्यायच्याच कशाला?”

हे वाक्य ज्या घरात ऐकू येईल, त्या घराने अर्ज, कार्यालय सगळे बाजूला ठेवून आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना गाठावे. आम्हीही तेच केले. औषध सोडून आजारी दिसणे हा पुरावा नव्हे. त्यात हाती आलेली प्रकृती तेवढी जाते. शिवाय मानसिक आजाराच्या मूल्यमापनात केवळ लक्षणे पाहिली जात नाहीत. स्वतःची काळजी, माणसांशी वागणे, संवाद व समज आणि काम या चार गोष्टी कितपत जमतात, हे पाहिले जाते आणि आजार किती काळ आहे याचाही विचार होतो. लाभासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते आणि ते ठरते ते रोजच्या जगण्यावरून.

माणूस प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाला आपण लावलेल्या अर्थाने अधिक खचतो, अशी माझी धारणा आहे. म्हणून नंतरच्या भेटींत मी कार्यालयाविषयी फारसे बोललेच नाही. तपासणीत काय झाले, एवढेच विचारले.

“डॉक्टरांनी विचारलं, स्वयंपाक करता का? मी म्हटलं, हो, सगळा करते.”

“काल संध्याकाळी स्वयंपाक कसा झाला, ते सुरुवातीपासून सांगाल?”

त्यांनी सावकाश सांगितले. “कणीक मी मळली. गॅस वहिनीच लावते. मला लावू देत नाहीत, मागे एकदा चालूच राहिला होता. दोन पोळ्या लाटल्या आणि आवाज सुरू झाले. मग मी आत जाऊन बसले. पुढचं वहिनीनं केलं.”

“मग ‘सगळा करते’ असं का सांगितलंत?”

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मीही घाई केली नाही. अखेर म्हणाल्या, “भावाच्या घरी राहते मी, मॅडम. काहीच जमत नाही असं सगळ्यांसमोर म्हटलं, तर त्या घरात मी कोण?”

त्या क्षणी मला जे उमगले, ते नंतर मला कितीतरी घरांत दिसले. आपली अडचण चारचौघांत दिसू नये, यासाठी या माणसांनी सगळी ताकद पणाला लावलेली असते, आणि अर्ज मात्र नेमके तेच उघडे करायला सांगतो. पुरावा मागितला की त्यांना ‘तू खोटी आहेस’ असे ऐकू येते, पण त्यांना त्याहून जास्त भीती असते ती आपले खरे कागदावर येण्याची.

मी म्हणाले, “कणीक तुम्ही मळता, हे खरं आहे. गॅस वहिनी लावते, हेही खरं आहे. पहिलं सांगण्यासाठी दुसरं लपवावं लागत नाही.”

“म्हणजे दोन्ही लिहायचं?”

“दोन्ही लिहायचं.”

प्रश्न सुटला तो या एका प्रश्नोत्तराने, असे मी आजही मानते. ताई एका वहीत रोजच्या नोंदी करू लागल्या: काय स्वतः केले, कुठे मदत लागली, कोणते काम अर्धे राहिले. वहिनींनीही आपल्या नोंदी जोडल्या. पुढच्या तपासणीला ती वही, जुने केसपेपर आणि डॉक्टरांचे पत्र सोबत होते. भाऊ शेजारी बसले, पण उत्तरे ताईंनी दिली. प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले.

अशा कुटुंबांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, ‘जमते का’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर कधीही देऊ नये. कसे जमते, कोणाच्या मदतीने, किती वेळ आणि वाईट दिवशी काय होते, हे सांगावे. त्यात अतिशयोक्ती नको आणि झाकपाकही नको.

विलंबाचे मात्र वेगळे आहे. तो मनाचा खेळ नसतो, आणि तो सोसण्याची शिकवण मी कोणाला देत नाही. काय अपुरे आहे, ते लेखी मागावे. दिलेल्या प्रत्येक कागदाची शिक्क्यासह पोच घ्यावी. अर्ज कुठे अडला आहे, हे माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते आणि त्याचे उत्तर साधारणपणे ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दादही मागता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे.

ताईंना वाढीव रक्कम मिळायला त्यानंतरही काही महिने गेले. या काळात त्या भावासोबत तहसील कार्यालयात जात राहिल्या, आणि अर्जाची चौकशी त्या स्वतःच करत होत्या.