हीटर काढून टाकू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आजोबांनी १९६० साली घेतलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट, दोन सीटची उघडी गाडी, आमच्या घरी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. गेल्या वर्षी तिला चालती केली. इंजिन मूळचंच, ९४८ सीसीचं. गाडी छान पळते, पण म्हापशाहून पणजीला पोचेपर्यंत पाय भाजून निघतात. शेजारी बसणाऱ्या बायकोला माझ्याहून जास्त त्रास होतो. टेंपरेचरचा काटा मात्र जागचा हलत नाही. दोन गॅरेजवाले म्हणतात, ‘गोव्यात हीटर हवाच कशाला? काढून टाका.’ एकाने फ्लोअरवर जाड फेल्ट चिकटवून देतो म्हणून सांगितलंय. फोटो सोबत पाठवतो. काय करू?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : हीटर काढू नका. फेल्ट तर मुळीच चिकटवून घेऊ नका.

बायकोला जास्त त्रास होतो हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. या इंजिनाचे दोन्ही कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणारा नळ, डाव्या अंगाला असतात. प्लग आणि डिस्ट्रिब्युटर उजव्या अंगाला. पोर्तुगीज असतानाही गोव्यात गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालायच्या, म्हणून तुमचं स्टीअरिंग उजवीकडे. साहजिकच एक्झॉस्टचा पाइप शेजारच्याच्या पायांपलीकडूनच खाली उतरतो. तिथली झळ समजते. पण उजवीकडे बसून तुमचेही पाय भाजतात, तेव्हा माझा पहिला संशय हीटरवर जातो.

डॅशबोर्डवरची हीटरची खुंटी हवेसाठी असते. ती बंद केली म्हणून हीटरमधून फिरणारं इंजिनाचं गरम पाणी थांबत नाही. पाणी थांबवायचा कॉक सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला बसवलेला असतो, आणि तुमच्या फोटोत त्याला केबल दिसत नाही. म्हणजे तो बॉनेट उचलून हातानेच फिरवायचा. थंड मुलखात लोक तो हिवाळा सुरू झाला की उघडत आणि उन्हाळ्यात बंद करत. तुमच्याकडे तो शेवटचा कोणी आणि कधी फिरवला, हे घरात बहुधा कुणालाच आठवत नसेल. तो उघडा असेल, तर ८० अंशांच्या आसपासचं पाणी दिवसभर तुमच्या पायांच्या वर असलेल्या डब्यातून फिरतंय. काटा शांत राहतो तो यामुळेच असेल. तुमच्या गाडीला एकाऐवजी दोन रेडिएटर मिळालेत.

आता करून बघा. कॉक हाताने पूर्ण बंद करा. गंजून बसला असेल तर पक्कडीने जोर लावू नका, पितळ तुटतं. आधी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. मग सकाळी गाडी वीस मिनिटं चालवून थांबा आणि कॉकच्या पुढचा होज पाइप चाचपून बघा. आधी फडक्याने, मग बोटाने. पाइप थंड असेल तर कॉक नीट बंद होतोय. गरम असेल तर आतलं वॉशर गेलं. नवा कॉक घ्या, आणि त्याच दिवशी दोन्ही होज पाइप अन् क्लिपाही बदला. साठ वर्षांचं रबर बाहेरून धडधाकट दिसतं आणि आतून पापुद्रे सुटलेलं असतं.

एवढ्याने तुमच्या बाजूची झळ निम्मी होईल असं मला वाटतं. उरलेल्या झळीसाठी फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि तुमचे पाय यांच्यामधल्या, पत्र्याकडे या. उघड्या गाडीत एक गोष्ट होते, ती बंद गाडीत वाढलेल्या मेकॅनिकच्या लक्षात येत नाही. गाडी वेगात असली की वारा काचेवरून उसळून जातो आणि काचेमागे, म्हणजे तुम्ही बसता तिथे, हवेचा दाब कमी होतो. ती पोकळी भरायला हवा मिळेल तिथून आत येते. मागून डोक्यावर वळून येते, तशी समोरच्या पत्र्याच्या भोकांतूनही येते. आणि भोकांपलीकडे इंजिनाची तापलेली हवा असते. बाबांनी मला हे उदबत्ती घेऊन दाखवलं होतं. ते गाडी चालवत होते, मी शेजारी वाकून उदबत्ती पेडलजवळ धरली, आणि धूर सरळ माझ्या तोंडावर आला.

म्हणून पेडलच्या, स्टीअरिंग कॉलमच्या, वायरिंगच्या, स्पीडोमीटर केबलच्या प्रत्येक भोकाचा ग्रोमेट, म्हणजे भोक बुजवणारी रबरी कडी, तपासा. रात्री अंधारात बॉनेटखाली टॉर्च लावून ठेवा आणि गाडीत बसा. जिथून उजेड दिसेल तिथून उष्णता येते. गिअरबॉक्सच्या बोगद्यावरचं रबराचं बूटही बघा. ते फाटलेलं सापडेल. या कामाला चार पैसे लागतात आणि फरक सगळ्यात मोठा पडतो.

बायकोच्या बाजूला एक्झॉस्ट आणि पत्रा यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आडवा लावा. तो कुठेही टेकू देऊ नका. दोन्ही बाजूंनी बोटभर फट हवी. चकाकता पत्रा झळ परतवतो आणि फटीतली हवा उरलेली वाहून नेते. तोच पत्रा फ्लोअरला चिकटवला तर तो फक्त तापतो. मॅनिफोल्डला कापडी पट्टी गुंडाळायचा सल्ला कुणी दिला तर आपल्याकडे तो घेऊ नका. समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस; पट्टी ओल धरते आणि आतलं ओतीव लोखंड गंजतं. आणखी एक, हे मी कळकळीने सांगते: फायरवॉलला जुनं करड्या रंगाचं पुठ्ठ्यासारखं अस्तर असेल, तर ते खरवडू नका. त्या काळी तिथे अ‍ॅस्बेस्टॉस वापरायचे, आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

फेल्टला नाही म्हणाले त्याचं कारण तेच, पाऊस. स्प्राइटचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, कारण तिला वेगळी चॅसी नाही. तिचा फ्लोअर हीच तिची ताकद. उघड्या गाडीत पाणी येणारच. चिकटवलेलं फेल्ट ते पिऊन बसतं आणि दोन पावसाळ्यांत फ्लोअर चाळणी होतो. काथ्याच्या चटया कापून घ्या. भिजल्या की उचलून अंगणात उन्हात टाकायच्या.

आता हीटर का ठेवायचा ते. स्प्राइटमध्ये हीटर जास्तीचे पैसे मोजून घ्यावा लागे. तुमच्या आजोबांनी गोव्यात राहून तो घेतला, त्यांना काहीतरी ठाऊक असणार. मला ते १९९४ च्या जुलैत कळलं. एका गिऱ्हाइकाची उघडी गाडी बेळगावला पोचवायची होती. त्यांच्या आग्रहावरून आम्ही हीटर काढून टाकला होता. घाट चढू लागले, टप लावलेला, बाहेर धो धो पाऊस. माझा श्वास, ओले कपडे, ओला फ्लोअर. काच आतून पांढरी झाली. पुसली की पुन्हा पांढरी. एका वळणावर समोरून ट्रक आला तो मला फक्त आवाजाने कळला. शेवटी गाडी कडेला लावून मी तासभर बसून राहिले. काचेवर गरम हवा आली असती तर काच दव धरण्याइतकी थंड पडली नसती आणि धुकं बसलंच नसतं. ही गाडी एसीची नाही. पावसात टप लावल्यावर काच स्वच्छ ठेवायला तुमच्याकडे हीटरशिवाय दुसरं काही नाही. जूनच्या पहिल्या पावसाला कॉक उघडा, ऑक्टोबरात बंद करा. आणि कधी ट्रॅफिकमध्ये काटा चढू लागला, तर कॉक उघडून ब्लोअर लावा. पाय भाजतील, इंजिन वाचेल.

प्रश्न : माझ्या दोन सीटच्या उघड्या गाडीत टप काढला की धुराचा वास येतो आणि लांबच्या प्रवासात डोकं दुखतं. टप लावला की वास कमी होतो. उन्हामुळे असेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : उन्हामुळे नाही. वर लिहिलेली पोकळीच तुमच्या एक्झॉस्टचा धूर आत ओढतेय. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि डोकेदुखी ही त्याची पहिली खूण असते. सायलेन्सरचे सांधे आज बघून घ्या: थंड इंजिन चालू करून कुणाला तरी मागच्या पाइपाच्या तोंडावर ओलं फडकं क्षणभर दाबून धरायला सांगा आणि खाली फुसफुस ऐका. मागचा पाइप बंपरच्या बाहेर येतो ना तेही पाहा. आखूड पडला असेल तर वाढवून घ्या. डिकीचं रबर बदला. हे होईपर्यंत मुलांना त्या गाडीत बसवू नका.

प्रश्न : उन्हात उभ्या केलेल्या उघड्या गाडीच्या काळ्या सीटवर बसवत नाही. उपाय?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : पांढरा सुती पंचा. गाडी लावताना सीटवर आणि स्टीअरिंगवर पसरा. रेक्झिनचं कव्हर नको, त्याखाली घाम साचून शिलाई कुजते. नारळाखाली मात्र गाडी लावू नका, सावली कितीही चांगली असली तरी.